नेपरव्हिलमधला गाडीचा विमा आणि माझी हरवलेली पत

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कोल्हापूरकडचा एक मुलगा नवीन लागला. जेवणाच्या सुट्टीत मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, "ताई, गाडी आठ वर्षं जुनी, मी अजून कुणाला धडकलेलो नाही, मग हे एवढे पैसे कशाचे?" विम्याचा कोट होता, म्हणजे कंपनीने सांगितलेला हप्त्याचा आकडा. तो आकडा बघून मला माझा मे २०२३ आठवला. त्याला तोंडी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहून ठेवते. हा इलिनॉय राज्यातला अनुभव आहे. अमेरिकेत विम्याचे नियम राज्यागणिक बदलतात, त्यामुळे तुमच्या राज्यात काय चालतं ते एकदा बघून घ्या.

मी मूळची सांगलीची, नोकरी हिंजवडीत. नऊ वर्षं स्विफ्ट चालवली, तीही वाकडच्या पुलाखालून रोज दोनदा. क्लेम एकही नाही. गाडी विकताना विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र आठवणीने मागून घेतलं होतं, पूर्ण पन्नास टक्क्यांचं. पासपोर्ट, पदवीची सर्टिफिकेटं आणि हे पत्र एकाच फोल्डरात घालून ९ जानेवारी २०२३ ला आम्ही शिकागोला उतरलो. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, नवरा एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर. पहिले चार महिने बस, ट्रेन आणि मैत्रिणींच्या उपकारांवर काढले. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये गाडीशिवाय राहणं म्हणजे भर हिवाळ्यात दुधासाठी वीस मिनिटं बर्फातून चालणं.

इथे आरटीओ नाही. लायसन्स देतं राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं ऑफिस. लेखी परीक्षेत पस्तीस प्रश्न, त्यातले अठ्ठावीस बरोबर यावे लागतात. ती मी पहिल्या झटक्यात पास झाले. रस्त्यावरच्या परीक्षेत नापास. स्टॉपच्या पाटीपाशी गाडी हळू केली, पण चाकं पूर्ण थांबली नव्हती. नऊ वर्षांचा अनुभव तिथेच उतरला! दहा दिवसांनी पुन्हा जाऊन पास झाले. फी तीस डॉलर. नवऱ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, नव्हता, एच-फोरवर वर्क परमिटशिवाय तो मिळत नाही, म्हणून त्याला आधी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसातून "या माणसाला नंबर देता येत नाही" असं पत्र आणावं लागलं. नकाराचंही पत्र लागतं, हे लक्षात ठेवा.

मग गाडी घेतली. २०१७ ची कोरोला, १३,८०० डॉलर, सगळे रोख, म्हणजे चेकने. कर्ज काढायचा विचारही मनात आला नाही. माझे बाबा पतसंस्थेत वसुलीला होते. आयुष्यभर थकबाकीदारांच्या ओसरीवर बसून आलेला माणूस. आमच्या घरात हप्त्यावर मिक्सरसुद्धा आला नाही. इथे आल्यापासूनही मी डेबिट कार्डच वापरत होते, आणि त्याचा मला जरा अभिमानच होता.

१२ मे २०२३. डीलरच्या ऑफिसात बसून विमा कंपनीला फोन लावला, कारण विम्याचा कागद दाखवल्याशिवाय गाडी बाहेर काढता येत नाही. इथे पॉलिसी बहुधा सहा महिन्यांची असते. इलिनॉयमध्ये कायद्याने लागणारं किमान कव्हर असं: तुमच्यामुळे एका माणसाला इजा झाली तर २५ हजार डॉलर, एका अपघातात सगळ्यांना मिळून ५० हजार, आणि दुसऱ्याच्या गाडीचं किंवा कुंपणाचं नुकसान झालं तर २० हजार. इथल्या हॉस्पिटलची बिलं ऐकून होते, त्यामुळे किमानावर न राहता वरचं कव्हर घेतलं. स्वतःच्या गाडीसाठी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली आपल्या खिशातून भरायची रक्कम, ५०० डॉलर. पलीकडच्या बाईने दहा मिनिटं टकटक केली आणि आकडा सांगितला: सहा महिन्यांचे १,२८४ डॉलर.

मी फोल्डर उघडून नो क्लेम बोनसच्या पत्राबद्दल सांगितलं. बाई खरोखर गोड होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छानच आहे हो, पण माझ्या स्क्रीनवर हे भरायला जागाच नाही." काही कंपन्या परदेशातला गाडी चालवण्याचा अनुभव थोडाफार धरतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी दुकान बंद व्हायला पाऊण तास उरला होता. मी पैसे भरून टाकले. ही माझी पहिली चूक. विम्याचे कोट गाडी ठरवायच्या आधी, घरी बसून, किमान तीन-चार ठिकाणांहून घ्यावेत.

सोमवारी ऑफिसात हैदराबादच्या मैत्रिणीला विचारलं. माझ्याच वयाची, आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहते, गाडी माझ्यापेक्षा एक वर्ष नवी, कव्हर जवळपास तेच. ती भरत होती ६७० डॉलर, आणि तिच्या नावावर वेगाने गाडी चालवल्याचं एक तिकीटही होतं. ती इथे सात वर्षं होती, एवढाच फरक.

कारण कळलं ते बारा दिवसांनी, पोस्टाने. पाकीट जाहिरातीसारखं दिसत होतं, फेकणारच होते. आत एक पानी पत्र: तुमच्या क्रेडिटच्या माहितीमुळे आम्ही तुम्हाला आमचा सर्वांत चांगला दर देऊ शकलो नाही. खाली चार कारणं. सर्वांत जुन्या खात्याचं वय अपुरं, खात्यांची संख्या अपुरी, आणि अशीच आणखी दोन. त्याखाली, ही माहिती कोणत्या क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे लोकांच्या कर्ज-उधारीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून, घेतली त्याचं नाव आणि पत्ता. असं पत्र पाठवणं कंपनीला बंधनकारक आहे. १९७० चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट आहे, त्यानुसार. पत्र आल्यापासून साठ दिवसांत त्या ब्युरोकडून तुमचा रिपोर्ट फुकट मागता येतो. मी तो मागितला नाही. माझ्या नावावर काही नाहीच तर बघायचं काय, असं वाटलं. ही दुसरी चूक, आणि पुढे ती महागात पडली.

रात्री जागून वाचत बसले. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत विमा कंपन्या क्रेडिट हिस्ट्रीवरून एक वेगळा इन्शुरन्स स्कोअर काढतात. कर्जासाठी बघतात तो स्कोअर निराळा, हा निराळा, पण माल तोच. बँकांसाठी स्कोअर काढणारी फायको ही कंपनी नव्वदच्या दशकापासून विम्याचेही स्कोअर काढते. त्यात बिलं वेळेवर भरली का याला साधारण ४० टक्के वजन, किती उधारी अंगावर आहे याला ३०, इतिहास किती जुना याला १५, नवीन कर्जासाठी किती ठिकाणी हात पसरले याला १०, आणि कर्जाचे प्रकार किती याला ५. गाडीतला 'ग'सुद्धा यात नाही. पगारही नाही. उत्पन्न, लिंग, पत्ता, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व या गोष्टी स्कोअरमध्ये धरायच्या नाहीत, असं इलिनॉयचा कायदा सांगतो. म्हणजे परकी म्हणून कुणी मला जास्त लावत नव्हतं. मी कोरी होते म्हणून लावत होते. परिणाम तोच, पण भांडायचं कुणाशी ते बदलतं.

या प्रकाराला आधार काय, तर आकडेवारी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००७ मध्ये अहवाल दिला की हे स्कोअर क्लेमचा अंदाज बांधायला खरंच उपयोगी पडतात. मात्र तसं का होतं, याचं पक्कं उत्तर त्याच अहवालात नाही. बिल विसरणारा माणूस सिग्नलही विसरतो, असं काहीसं गृहीत असावं. मला ते पटलेलं नाही. माझ्याबाबतीत तर बिलच नव्हतं.

बाबांना फोनवर सांगितलं. मला वाटलं, तेही चिडतील. ते म्हणाले, "अगं, आमच्याकडे काय वेगळं होतं? नवा सभासद आला की आम्हीही दोन जामीनदार मागायचो. ज्याने कधी कर्ज काढलंच नाही, त्याचं आम्हाला काय कळणार?" मग थोडं थांबून, "तिकडे जामीनदार चालतो का?" चालत नाही. तीच तर अडचण आहे.

आणखी एक गंमत सांगते. इथे तीन मोठे ब्युरो आहेत: इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन. भारतात आपण ज्याला नुसतं सिबिल म्हणतो त्याचं आजचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल. मालक तोच, पण पुण्यातला माझा स्वच्छ इतिहास समुद्र ओलांडून आला नाही. काही कार्ड कंपन्या नव्याने आलेल्यांचा भारतातला रिपोर्ट बघून कार्ड देतात, हे मात्र खरं आहे. मला माहीत नव्हतं, तुम्ही जरूर विचारा.

५ जुलै २०२३ ला बँकेत जाऊन सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड घेतलं. आपणच ५०० डॉलर अनामत ठेवायची आणि तेवढ्याच मर्यादेचं कार्ड घ्यायचं. आपलेच पैसे आपणच उधार घ्यायचे, बाबांना हे समजावताना मला हसू आवरेना. त्यावर फक्त किराणा आणि पेट्रोल. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेवा असं सगळे सांगतात, म्हणजे माझे दीडशे डॉलर. एखाद्या महिन्यात जास्त झाले तर बिलाची तारीख यायच्या आधीच भरून टाकायचे, कारण बँक ब्युरोला बहुतेक वेळा बिलावरची रक्कम कळवते. आणि ऑटो-पे लावून ठेवायचं. एकही तारीख चुकली नाही.

नोव्हेंबरात पॉलिसीचं नूतनीकरण आलं. मी आशेने पाकीट उघडलं: १,३४६ डॉलर. वाढले! त्यात सगळा दोष क्रेडिटचा नव्हता. २०२३ च्या डिसेंबरपर्यंत वर्षभरात अमेरिकेतला मोटार विमा सरासरी वीस टक्क्यांनी महागला होता, सगळेच ओरडत होते. फोन केला तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट कळली. कंपनी दर वेळी स्कोअर नव्याने काढतेच असं नाही. इलिनॉयमध्ये छत्तीस महिन्यांत एकदा काढणं बंधनकारक आहे, आणि मधल्या काळात तुम्ही मागणी केलीत तर वर्षातून एकदा, वार्षिक नूतनीकरणाच्या वेळी. न मागता काही होत नाही. मी मागितलं. माझं वर्ष भरलं नव्हतं, तरी त्यांनी सौजन्य म्हणून काढून बघितला. आठवड्याने पुन्हा तसंच पत्र: ब्युरोकडे माहिती सापडली नाही.

सापडली नाही? चार महिने मी दर महिन्याला भरत होते ते कुठे गेलं?

तरीही मी जानेवारी २०२४ पर्यंत गप्प बसले. कार्डाला सहा महिने झाल्याशिवाय फायको स्कोअर तयारच होत नाही, असं वाचलं होतं, म्हणून वाट बघितली. जानेवारीत बँकेच्या ॲपमध्ये स्कोअर दिसला, ७०१. मग मात्र ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर गेले. सरकारमान्य जागा ही एकच, तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट आता दर आठवड्याला फुकट मिळतात. सारख्या नावाच्या बऱ्याच साइट महिन्याचे पैसे घेतात, तिकडे वळू नका. दोन रिपोर्ट लगेच उघडले, दोन्हींत कार्ड व्यवस्थित. तिसऱ्याने माझी ओळखच पटवून घेतली नाही. आणि विमा कंपनीच्या दोन्ही पत्रांवर नाव होतं ते याच तिसऱ्याचं.

फोनवर चाळीस मिनिटं काढून उपयोग झाला नाही. शेवटी पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि घराच्या भाडेकराराच्या प्रती जोडून पोस्टाने रिपोर्ट मागवला. तीन आठवड्यांनी आला. नाव माझं, नंबर माझा, बाकी पान कोरं.

१६ फेब्रुवारीला बँकेत गेले आणि काउंटरवरच्या मुलाला विनंती केली की तुमच्याकडे माझी काय माहिती भरली आहे ती मला दाखवा. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटसुलट. आणि नाव? आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका ओळीत असतं ना, ते त्याने, किंवा त्याच्या आधीच्या कुणीतरी, मध्ये जागा न सोडता एकच शब्द करून भरलं होतं. बाकी दोन ब्युरोंनी पत्ता आणि जन्मतारीख जुळवून घेतली असावी. तिसऱ्याने सरळ नवी बाई उभी केली. म्हणजे त्यांच्याकडे मी दोन होते: एक मी, बरोबर नंबराची, रिकाम्या फाइलची, आणि दुसरी, बाबांचं नाव पोटात घेतलेली, दर महिन्याला न चुकता बिल भरणारी. मला तिचा हेवा वाटला.

बँकेने त्याच दिवशी दुरुस्ती केली आणि तसं पत्र दिलं. पत्र मागून घ्या, तोंडी "झालं" यावर उठू नका. २० फेब्रुवारीला ब्युरोला तक्रार पाठवली. ऑनलाइनही करता येते, पण माझी ओळखच ऑनलाइन पटत नव्हती, म्हणून सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह. सगळा खर्च नऊ डॉलरच्या आत. सोबत बँकेचं पत्र, आठ महिन्यांची कार्डाची बिलं, आणि एका पानावर साध्या भाषेत: या दोन फाइली एकाच व्यक्तीच्या आहेत, माझं नाव अमुक, त्यातला दुसरा शब्द वडिलांचा. तक्रार मिळाल्यापासून साधारण तीस दिवसांत त्यांना चौकशी पूर्ण करावी लागते. चार दिवसांनी हिरवी पोचपावती परत आली, ती मी फ्रिजवर चिकटवून ठेवली. नवरा म्हणे, त्या पोचपावतीपुढे उदबत्ती तेवढी लावायची राहिली आहे.

ते तीस दिवस वाईट गेले. चूक आपली नाही हे माहीत असूनही कुठेतरी चोर ठरल्यासारखं वाटत राहतं. बाबा ज्यांच्या ओसरीवर बसायचे त्या लोकांना काय वाटत असेल, हा विचार मला पहिल्यांदा तेव्हा आला.

२१ मार्चला उत्तर आलं, फाइली एकत्र केल्या. नवीन रिपोर्टात आठही महिने ओळीने.

आता विमा कंपनी. कॉल सेंटरने सांगितलं, मे महिन्याच्या नूतनीकरणाला बघू. पण इलिनॉयच्या विम्यातल्या क्रेडिट वापरावरच्या कायद्यात एक कलम आहे: तक्रारीनंतर तुमची माहिती चुकीची किंवा अपुरी होती असं ठरलं आणि तुम्ही तसं कळवलंत, तर कंपनीने तीस दिवसांत दर पुन्हा ठरवायचा, आणि जास्त घेतलेले पैसे परत करायचे, शेवटचे बारा महिने किंवा पॉलिसीचा काळ यांतला जो कमी असेल तेवढ्याचे. मी २ एप्रिलला हे कलम, ब्युरोचं उत्तर आणि नवा रिपोर्ट जोडून लेखी मागणी केली. राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करायचा फॉर्मही भरून ठेवला होता. तो पाठवायची वेळ आली नाही. एकोणीस दिवसांनी १४८ डॉलरचा चेक आला. फक्त नोव्हेंबरपासूनच्या पॉलिसीचा. त्याआधीच्या सहा महिन्यांचं काही नाही, कारण मे २०२३ मध्ये मी खरोखरच कोरी होते. हिशोब बरोबर आहे.

मे २०२४ साठी त्याच कंपनीने ९४१ सांगितले. यावेळी मी घाई केली नाही. अनेक कंपन्यांचे विमे विकणारा एक स्वतंत्र एजंट गाठला. कोट मागितल्याने क्रेडिट स्कोअर खाली येतो अशी भीती अनेकांना असते, मलाही होती. तसं होत नाही, विम्यासाठीची चौकशी स्कोअरमध्ये धरली जात नाही. त्याने ७८८ चा कोट काढून दिला, सहा महिन्यांचे एकदम भरल्याची सूट धरून. जुनी पॉलिसी संपते त्याच दिवशी नवी सुरू होईल असं बघितलं. मध्ये एक दिवसही रिकामा गेला तर पुढची कंपनी तेच कारण धरून दर चढवू शकते. यातली किती घट क्रेडिटमुळे आणि किती इथल्या लायसन्सला वर्ष झाल्यामुळे, ते मला कुणी वेगळं करून दिलं नाही.

माझा मावसभाऊ सॅन होजेला असतो. त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्याकडे असलं काही नाही." खरंच नाही. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई या राज्यांत गाडीच्या विम्याचा दर ठरवताना क्रेडिट बघायला बंदी आहे. कॅलिफोर्नियात १९८८ साली मतदारांनीच प्रपोझिशन १०३ हा कायद्याचा प्रस्ताव मंजूर केला. तेव्हापासून तिथे आधी बघतात तुम्ही गाडी कशी चालवता, वर्षाला किती मैल चालवता आणि किती वर्षं चालवता. अर्थात त्याचा हप्ता माझ्याहून जास्तच आहे, पण कशाचे पैसे भरतो हे त्याला माहीत आहे.

ऑगस्टमध्ये नवऱ्याचं वर्क परमिट आलं. सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात फॉर्म भरताना पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने होते. त्याच्या पासपोर्टवर सासऱ्यांचं नाव पहिल्याच रकान्यात आहे. ते मधल्यात लिहायचं की पहिल्यात, यावर आम्ही खिडकीपाशी पाच मिनिटं कुजबुजत उभे होतो. मागे रांग वाढत होती. मी त्या बाईंना म्हटलं, एंटर दाबायच्या आधी स्क्रीन जरा आमच्याकडे वळवाल का?